कादंबरीतली ती मीच आहे का?

पत्राचा गोषवारा: एक्केचाळीस वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र आहे. त्यांच्या वाचनगटाने या महिन्यासाठी एक कादंबरी निवडली. भीतीच्या सावटाखालच्या घरात वाढलेली मुलगी आणि मोठेपणी तिच्या आयुष्याची झालेली वाताहत, हा तिचा विषय. नायिका कुणावर विश्वास टाकू शकत नाही, तिचं लग्न मोडतं आणि उत्तरार्धात ती स्वतःच्याच मुलावर हात उगारते. आमच्या वाचक मैत्रिणीने पुस्तक तिथेच मिटलं. त्यांचे वडील दिवसेंदिवस अबोला धरायचे आणि मग एखाद्या रात्री वस्तू फोडायचे, आईच्या अंगावर धावून जायचे. नऊ वर्षांची ही मुलगी तेव्हा धाकट्या भावाला घेऊन दाराआड उभी राहायची, त्याच्या तोंडावर हात दाबून. 'मला कुणी कधी मारलं नाही, इतरांनी याहून कितीतरी वाईट भोगलंय,' असं त्या लिहितात. वडील आता हयात नाहीत, आई आहे. पुस्तक मिटल्यापासून झोप उडाली आहे, कुलपात किल्ली फिरली तरी छातीत धस्स होतं. नवरा म्हणतो, 'गोष्टच आहे ती, सोडून दे.' मागच्या आठवड्यात त्या आठ वर्षांच्या मुलावर जोरात ओरडल्या, तर तो काही न बोलता उठला आणि दाराजवळच्या सगळ्यांच्या चपला-बूट ओळीत लावू लागला. त्यांचे प्रश्न असे: पुस्तक पूर्ण करू का? या आठवणी खऱ्या आहेत की पुस्तकाने डोक्यात भरवल्या? हे पुस्तक आईला वाचायला पाठवू का? आणि मी त्या नायिकेसारखीच होणार का?

आधी झोपेचं बोलू या. तुमच्या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर पहाटे तीन वाजता, अर्धवट झोपेत शोधायचं नाही. त्या वेळी जे सगळ्यात वाईट तेच मनाला खरं वाटतं. पुस्तक झोपायच्या खोलीतून बाहेर ठेवा. रात्री दचकून जाग आली तर छताकडे बघत पडून राहू नका. उठा, दिवा लावा, पाय जमिनीला टेकवा. आज तारीख कोणती, या घरात कोण कोण झोपलंय, दाराची कडी कुणी लावली, हे स्वतःशी हळू आवाजात म्हणा. बाळबोध वाटेल, पण आघाताच्या आठवणीची खोडच अशी आहे की ती 'तेव्हा' आणि 'आता' यांतलं अंतर पुसून टाकते. ते अंतर शरीराला पुन्हा पुन्हा दाखवून द्यावं लागतं.

'गोष्टच आहे ती' हे तुमच्या पतींचं म्हणणं काळजीपोटी आलेलं असणार, पण ते मला पटत नाही. तुम्हाला समोर बसवून कुणी बालपणाबद्दल विचारलं असतं, तर तुम्ही ठरलेलं उत्तर दिलं असतं: ठीकच होतं, वडील जरा तापट होते. कादंबरी असं काही विचारतच नाही. ती तुम्हाला एका लहान मुलीच्या उंचीवर नेऊन उभी करते, तिच्या कानांनी बाहेरची पावलं ऐकवते, आणि आपण दुसऱ्या कुणाबद्दल वाचतोय या भरवशावर तुम्ही निर्धास्त असता. मग अचानक शरीर ओळख दाखवतं. किल्लीच्या आवाजाचंच घ्या. किल्ली सरळ फिरली की अडखळली, दार लोटलं की आपटलं, एवढ्यावरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखणं ही नऊ वर्षांच्या तुमची गरज होती. ती कला तुम्ही सगळं पणाला लागलेलं असताना शिकलात. इतकी वर्षं ती आत गप्प पडून होती, कादंबरीने तिला जागं केलं. तुम्ही वेड्या झालेल्या नाही आहात आणि हळव्याही नाही.

'मला कुणी मारलं नाही' या वाक्यावर मात्र मला अडायचंय. 1998 साली अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारून त्यांच्या आजच्या तब्येतीशी त्याची सांगड घातली होती. प्रतिकूल अनुभवांची जी वर्गवारी त्यात केली होती, तिच्यात 'आईवर होणारी हिंसा' हा स्वतंत्र प्रकार होता. स्वतःला मार बसला का, हा प्रश्न वेगळा विचारला होता. जितक्या जास्त प्रकारचे अनुभव, तितकं पुढे नैराश्य, व्यसनं, अगदी हृदयविकाराचंही प्रमाण चढत गेलेलं दिसलं. म्हणजे दाराआड उभ्या असलेल्या मुलीचा हिशेब त्या अभ्यासाने मांडला होता. तुम्हीच तो मांडत नव्हता. इतरांनी जास्त भोगलं हे खरंच असेल, पण त्यांच्या दुःखाने तुमचं खोटं ठरत नाही.

त्याच अभ्यासावर बेतलेल्या, गुण मोजून भविष्य सांगणाऱ्या चाचण्या इंटरनेटवर सापडतील. त्यांच्या नादी लागू नका. आकडे समूहाबद्दल बोलतात. हा आकडा एकेका माणसाचं निदान किंवा भाकीत करण्यासाठी वापरू नये, असं खुद्द अँडा यांनीच 2020 मध्ये सहलेखकांसह लिहिलं आहे.

आता तुम्हाला खरोखर छळणाऱ्या प्रश्नाकडे येते. मी तिच्यासारखी होणार का?

जरा त्या कादंबरीकाराच्या टेबलापाशी जाऊन बघा. नायिकेच्या आयुष्यातल्या हजारो साध्या दुपारी त्याने गाळल्या आहेत. ज्या संध्याकाळी ती मुलावर ओरडली नाही, ज्या मैत्रिणीबरोबर ती पोट धरून हसली, ज्या शिक्षिकेने तिला थांबवून 'बरी आहेस ना गं?' असं विचारलं, ते प्रसंग लिहिलेच गेले नाहीत किंवा लिहून काढून टाकले गेले. पहिल्या प्रकरणातली जखम शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचवायची असेल तर मधलं बरंच कापावं लागतं. यात लेखकाची काही लबाडी नाही, कादंबरीची ती रीतच आहे. पण तिथे कारण आणि परिणाम एकाच हाताने लिहिलेले असतात, आणि शेवट माहीत असताना सुरुवात रचता येते. तुमचं आयुष्य असं कुणी रचलेलं नाही. तुम्ही त्या पुस्तकात स्वतःचं बालपण ओळखलंत, इथवर तुमचं वाचन अचूक आहे. तिच्या शेवटावरही आपलं नाव आहे असं तुम्ही धरून चाललात, तिथे मात्र गल्लत झाली.

मोठ्यांनी छळलेली मुलं पुढे छळणारे पालक होतात, ही समजूत सगळीकडे इतकी मुरलेली आहे की सोसलेली माणसं स्वतःकडेच संशयाने बघू लागतात. जोन कॉफमन आणि एडवर्ड झिग्लर या संशोधकांनी 1987 मध्ये तोवरच्या अभ्यासांची छाननी केली. लहानपणी छळ सोसलेल्यांपैकी साधारण 30 टक्के पालकांकडून तो पुढच्या पिढीत जातो, असा अंदाज त्यांनी मांडला. हे प्रमाण सर्वसाधारण पालकांपेक्षा जास्त आहे, ते मी लपवत नाही. पण दहातले सात जण तसं करत नाहीत, आणि त्यांच्यावर कुणी कादंबरी लिहीत नाही. हवाई बेटांपैकी कवाई इथे 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं घेतला. गरिबी, आईवडिलांची व्यसनं किंवा मानसिक आजार, धुमसणारं घर अशी अनेक ओझी एकाच वेळी वाहणाऱ्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलं कर्तबगार आणि मायाळू माणसं झाली. किशोरवयात घसरलेल्यांपैकीही बरेच जण चाळिशीपर्यंत सावरले. आधार कशाचा मिळाला, हे शोधताना पुन्हा पुन्हा एक गोष्ट समोर आली: घरातलं किंवा घराबाहेरचं निदान एक तरी माणूस त्या मुलाच्या वाट्याला आलं होतं, जे विसंबण्यासारखं होतं.

तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचं वाटतं ते मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 1980च्या दशकातलं काम. त्यांनी पालकांना त्यांच्या बालपणाबद्दल सविस्तर बोलतं केलं आणि त्यांच्या मुलांचं त्यांच्याशी नातं कसं आहे तेही पाहिलं. बालपण किती वाईट गेलं, यापेक्षा पालक त्याबद्दल किती सुसंगतपणे बोलू शकतो, याचा मुलाच्या सुरक्षित वाटण्याशी जास्त जवळचा संबंध दिसला. 'सगळं छान होतं' म्हणून झाकून टाकणं किंवा बोलता बोलता त्या संतापात पुन्हा बुडून जाणं, या दोन टोकांच्या मधे उभं राहून जे घडलं ते घडलं तसं सांगता येणं. तुमचं पत्र वाचताना मला तेच दिसलं. दोन ठिकाणी तुमची वाक्यं तुटली आहेत, पण तुम्ही सांगितलंत.

आणि चपला-बूट. ते तुम्ही एका वाक्यात उरकलंत आणि कंसात लिहिलंत, 'मीसुद्धा हेच करायची.' घरातलं सगळं हाताबाहेर जातं तेव्हा मूल हाताशी येईल ते सरळ करतं. तुमच्या मुलाने तेच केलं. फरक इतकाच की तुमच्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या वेळी त्याच्या आईच्या लक्षात आलं. त्या लक्षात येण्याचा उपयोग करा. एखाद्या निवांत वेळी, शेजारी बसून, साध्या शब्दांत सांगा: 'त्या दिवशी मी तुझ्यावर फार जोरात ओरडले. तू तेवढं मोठं काही केलं नव्हतंस. मला झोप लागत नाहीये, म्हणून माझा तोल गेला. तो सांभाळणं माझं काम आहे, तुझं नाही. तू घाबरला होतास का?' मग गप्प बसा. तो 'नाही' म्हणाला तर वाद घालू नका, तो कदाचित दोन दिवसांनी काहीतरी बोलेल. त्याच्यासमोर रडून क्षमा मागत राहिलात, तर आईला शांत करण्याची जबाबदारी त्याच्यावर येईल आणि तो पुन्हा काहीतरी ओळीत लावायला जाईल. तुमच्या वडिलांची हकिगत त्याला आत्ता सांगू नका. आणि उलट्या टोकालाही जाऊ नका. वडिलांसारखं व्हायचं नाही म्हणून मुलाला कधी 'नाही' म्हणायचंच नाही, असं काही आईबाप करतात. आठ वर्षांच्या मुलाला ठाम मोठं माणूस लागतंच. ठामपणा आणि दहशत यांतला फरक तुम्ही आतून जाणता, त्यावर भरवसा ठेवा. राग अनावर होतोय असं वाटलं तर 'मी पाच मिनिटांत येते' असं सांगून खोलीबाहेर जा, आणि पाच मिनिटांत खरंच परत या. काही न बोलता निघून जाणं आणि तो अबोला लांबवणं म्हणजे काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आठवणी खऱ्या की पुस्तकाने भरवलेल्या, हा प्रश्न रास्त आहे. स्मृती लवचीक असते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांच्या 1995च्या प्रयोगात सहभागी लोकांना त्यांच्या नातेवाइकांच्या हवाल्याने एक न घडलेला प्रसंग सांगितला गेला: लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात. सुमारे पाव लोकांना तो पूर्ण किंवा थोडाफार 'आठवू' लागला. पण तुमचं प्रकरण निराळं आहे. दाराआडची रात्र तुम्ही कधी विसरलाच नव्हता. पुस्तकाने नवी आठवण दिली नाही, जुन्या आठवणीचं वजन बदललं. तपशिलांची सरमिसळ मात्र होऊ शकते. म्हणून एका कागदाच्या डाव्या बाजूला पुस्तक हाती येण्याआधीही तुम्हाला ठाऊक होतं ते लिहा आणि उजव्या बाजूला पुस्तकानंतर सुचलेलं. डाव्या बाजूवर निःशंक विसंबा. उजव्या बाजूबद्दल 'असेल किंवा नसेल' एवढीच नोंद ठेवा, तिचा निकाल लावण्याची घाई नको. जास्त खोलात जाऊन लिहायचं असेल तर झोप मार्गी लागल्यावर, दिवसा, वेळ ठरवून लिहा. लिहून उठल्यावर दर वेळी जास्तच अस्वस्थ वाटत असेल तर थांबवा; लिहिणं सगळ्यांनाच मानवतं असं नाही.

एक साक्षीदार तुमच्याकडे आहे, त्याच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. तुमचा भाऊ. त्याला फोन करून तुमच्या आठवणींची यादी वाचून दाखवू नका, म्हणजे त्याच्या आठवणीही तुमच्याच रंगात रंगायच्या नाहीत. एवढंच म्हणा: 'हल्ली मला आपलं जुनं घर फार आठवतं. तुला काय आठवतं?' त्याला बोलायचं नसेल तर तो त्याचा हक्क आहे. कदाचित त्याला वेगळंच काही आठवत असेल. कदाचित तोंडावरचा तो हात त्याला भीती म्हणून नाही, आधार म्हणून आठवत असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

पुस्तक पूर्ण करण्याची सक्ती तुमच्यावर कुणीही केलेली नाही. अर्धवट सोडलं म्हणजे पळ काढला असं मानू नका. शेवट काय हे न कळल्यामुळे जीव टांगणीला लागला असेल, तर ज्यांनी ते वाचलंय अशा कुणाकडून चार वाक्यांत शेवट ऐका. माहीत असलेली गोष्ट निम्मी बोथट होते. मग काही महिन्यांनी वाटलं तर दिवसाउजेडी, कुणीतरी घरात असताना वाचा. वाचनगटात 'मला हे पुस्तक फार जड गेलं, म्हणून पूर्ण केलं नाही' एवढं सांगितलं की पुरे. चांगलं पुस्तक वाचलं की आपली कहाणी सांगावीच लागते, असं नसतं. गटात बोलून बाहेर पडल्यावर ते शब्द परत घेता येत नाहीत. तिथे कोण कोण आहे आणि ते कुठवर आपल्यापाशी ठेवतील, याचा आधी विचार करा.

पतींना मदत करायची आहे, पण काय करायचं ते त्यांना ठाऊक नाही, असा माझा अंदाज आहे. त्यांना नेमकं काम द्या. घरी येताना किल्ली फिरवण्याआधी बेल वाजवा किंवा 'मी आलो' असा आवाज द्या, हे सांगायला लाजू नका. 'सोडून दे' ऐवजी त्यांनी काय म्हणावं तेही सांगा.

झोप दोन-तीन आठवड्यांत रुळावर आली नाही, दचकणं कमी झालं नाही किंवा तुम्ही घरातल्यांना टाळू लागलात, तर आघाताच्या उपचारांचा अनुभव असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा. तुम्हाला इतकं होत नसलं तरी भेटलात तर बिघडत नाही. यावर उपचार आहेत, आणि ते परिणामकारक आहेत. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयींवर संवादातून काम करणारा उपचार) आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर पद्धत, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे. पहिल्याच भेटीत सगळं उकरून काढावं लागेल ही भीती नको. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये आघातातून बरं होण्याचे जे टप्पे सांगितले, त्यांत पहिला सुरक्षिततेचा आहे. आठवणींचा आणि त्यांचा शोक करण्याचा टप्पा त्याच्या मागून येतो. म्हणून पहिल्या भेटीत बिनदिक्कत विचारा: अशा अनुभवांवर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता? मी मधेच 'थांबा' म्हटलं तर काय कराल? उत्तराने समाधान झालं नाही तर दुसऱ्या कुणाकडे जा. आणि जगणं नको असं वाटू लागलं, किंवा मुलाला आपल्या हातून इजा होईल अशी भीती वाटली, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

राहता राहिली आई. पुस्तक पाठवू नका. तुम्हाला वाटतं, पुस्तक वाचून तिला सगळं आपोआप कळेल आणि तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही. पण ती वाचेल ते त्या नायिकेच्या आईबद्दल, दुसऱ्या कुणीतरी रंगवलेल्या बाईबद्दल, आणि प्रत्येक पानावर स्वतःवरचं आरोपपत्र शोधेल. उत्तर देण्याची सोयही तिला नसेल, कारण तुम्ही काही विचारलेलंच नसेल. शिवाय पुस्तक पोचल्यावर फोन कधी येतो याची वाट बघत तुम्ही राहाल, आणि ती वाट तुम्हाला पुन्हा दाराआड नेऊन उभी करेल.

आधी तिच्याकडून काय हवंय ते ठरवा. 'हो, तसं घडलं होतं' एवढी कबुली? दिलगिरी? की ती का निघाली नाही याचं कारण? तिन्ही मागण्या रास्त आहेत, पण तिन्ही तिच्याकडून मिळतीलच असं नाही. त्या रात्री ज्या अंगावर वडील धावून जायचे ते अंग तिचं होतं. तिने तुम्हाला वाचवलं नाही म्हणून आलेला राग आणि तिला कुणी वाचवलं नाही याचं दुःख, दोन्ही तुमच्या मनात एकाच वेळी असू शकतं. एकासाठी दुसरं गिळायची गरज नाही.

मी तुमच्या जागी असते तर झोप सावरेपर्यंत आणि भावाशी किंवा समुपदेशकांशी बोलणं होईपर्यंत थांबले असते. त्यानंतर समोरासमोर, फोनवर नव्हे, एकच लहान प्रश्न: 'आई, बाबा रात्री चिडायचे तेव्हा आम्ही दोघं कुठे असायचो, तुला माहीत होतं का?' ती बोलू लागली तर ऐका, मधे दुरुस्त्या करू नका. तिने विषय बदलला किंवा 'असं काही नव्हतंच' म्हणाली, तर 'मला आठवतं' एवढंच म्हणा आणि त्या दिवशी तिथेच थांबा. तिच्या नाकारण्याने तुमच्या कागदाची डावी बाजू पुसली जात नाही. आणि त्या भेटीला मुलाला बरोबर नेऊ नका. त्या संध्याकाळी त्याच्याकडे कोण बघेल, ते आधी ठरवून मगच निघा.